दीदींना न विचारता

लग्नानंतर सात वर्षांनी यांची बदली लखनौला झाली आणि आम्ही मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहायला आलो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझ्याकडे मराठी वाङ्मयाची बी.ए.ची पदवी होती. वर्ध्यात तिच्या जोरावर एखाद्या शाळेत तरी चिकटले असते. इथे ती पेटीच्या तळाशी गेली. हे रेल्वेच्या संशोधन संस्थेत, मुलगी शाळेत, आणि मी क्वार्टरच्या व्हरांड्यात कॉलनीतल्या बायकांशी स्वेटरच्या टाक्यांबद्दल बोलत बसलेली. मला काम हवं होतं. शेजारच्या बंगाली बाई म्हणाल्या की या शहरात बाईला दोनच गोष्टींवर नोकरी मिळते, बी.एड. किंवा हिशेब. बी.एड.ला हिंदी चांगली लागणार होती, म्हणून मी हिशेब धरला.

कॉलेजात प्रवेश घेण्याचं वय राहिलं नव्हतं. घरी किंवा जवळपास कुणी खासगी शिकवणारं हवं होतं. यांनी ऑफिसात विचारून आलमबागमधल्या एका मास्टरजींचा पत्ता आणला. आम्ही दोघं गेलो. बाकांवर मिसरूड फुटलेली मुलं खेटून बसली होती आणि मला पाहून एकदम गप्प झाली. मास्टरजी सगळा वेळ यांच्याशीच बोलत होते. “भाभीजी को घर का हिसाब रखना है, तो दो महीने बहुत हैं।” मी म्हटलं, “घराचा नाही, नोकरीसाठी.” त्यावर त्यांनी पुन्हा यांच्याकडेच पाहिलं. परत येताना रिक्षात हे म्हणाले, “तुला नको असेल तर राहू दे.” मला नको होते ते मास्टरजी, हिशेब नव्हे.

मग रेल्वेतून निवृत्त झालेले एक लेखापाल घरी येऊ लागले. सज्जन गृहस्थ. चहा घेत आणि आपल्या बदल्यांच्या गोष्टी सांगत. गोंड्यापासून झाशीपर्यंतची सगळी स्टेशनं मला त्यांच्यामुळे पाठ झाली, हिशेबाचं मात्र पान उलटलं नाही. त्यांना बंद करताना मी तब्येतीचं खोटं कारण सांगितलं. ते बिचारे दुसऱ्या दिवशी डाळिंबं घेऊन चौकशीला आले.

दीदी सापडल्या त्या माझ्या शिंप्यामुळे. ब्लाउजचं माप घेता घेता त्याची बायको म्हणाली, “हमारी गली में एक दीदी हैं, एम.कॉम. हैं। इंटर के लड़के उन्हीं से पढ़ते हैं।” मी त्याच पावली आलमबागमधल्या त्या गल्लीत गेले. अरुंद जिना, वर एक खोली आणि गच्ची. खोलीत लाकडी तख्तावर त्यांची आई झोपलेली, अर्धांगवायूने एक बाजू गेलेली. दीदी माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठ्या, लग्न न झालेल्या, उंच, केस घट्ट विंचरलेले. मी काय शिकले आहे ते विचारलं. मराठी म्हटल्यावर हसल्या नाहीत. “अच्छा है। जिसे व्याकरण आता है उसे हिसाब में देर नहीं लगती।” त्या दिवसापासून त्या मला भाभीजी म्हणत आणि मी त्यांना दीदी.

मी आठवड्यातून तीन दुपारी जायची, मुलगी शाळेतून यायच्या आत परत. व्याकरणाचं त्यांचं म्हणणं खरं निघालं नाही. रोकड घरात आली तर ती नावे का मांडायची, हेच मला कळेना. बँकेच्या पासबुकात तर पैसे भरले की जमा लिहितात! मी वाद घातला. दीदींना वाद आवडत. “बैंक अपनी किताब लिखता है भाभीजी, आपकी नहीं। आपका पैसा उस पर कर्ज़ है।” तरी मी हटले नाही. दोन दिवस घरी भाजी चिरताना मनात भांडत राहिले आणि तिसऱ्या दिवशी जिना चढता चढता एकदम उजेड पडला. धावत वर गेले. दीदी आईला पेज भरवत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि चमचा खाली न ठेवता म्हणाल्या, “अब कल से आगे बढ़ेंगे।” तसा आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

त्याच खोलीत अपराधी वाटायलाही सुरुवात झाली होती. मी शिकत असताना त्यांची आई तिकडे हुंकार द्यायची, कूस बदलून हवी असायची. दीदी उठून करून येत आणि वाक्य जिथे सोडलं तिथूनच पुढे चालू करत. मी मदतीला उठले की हाताने बसवत. “आप पढ़िए।” मी पढत असे.

दीड वर्ष असं गेलं. एक दिवस दीदींनीच सांगितलं, छावणीकडच्या मुलींच्या एका शाळेत लेखनिकाची जागा निघाली आहे. त्यांनी स्वतः अर्ज केला होता. ट्यूशनची मुलं परीक्षा झाली की पांगत, पगाराची जागा मिळाली तर आईसाठी दिवसभराची बाई ठेवता येईल, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, “मीही अर्ज करू का? नुसता सराव म्हणून. मुलाखत कशी असते ते तरी कळेल.”

त्या क्षणभर थांबल्या. मला ते थांबणं दिसलं होतं. मग म्हणाल्या, “हाँ हाँ, क्यों नहीं।”

मुलाखतीला आम्ही एकाच रिक्षातून गेलो. शाळेच्या व्हरांड्यात एकाच बाकावर बसलो. मी घाबरून गेले होते. बँकेचं पासबुक आणि आपली रोकडवही यांत फरक का पडतो आणि तो कसा जुळवायचा, हे साफ विसरले होते. दीदींनी आपली प्रमाणपत्रं मांडीवरून बाजूला ठेवली आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून समजावलं. माझ्या पदराची पिन वाकडी होती, तीही नीट केली. आत गेल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी मला नेमकं तेच विचारलं. मी दीदींचीच वाक्यं इंग्रजीत करून सांगितली. पलीकडे बसलेल्या व्यवस्थापकांनी हिशेबाचं काही विचारलंच नाही. नवरा कुठे आहे, कोणत्या हुद्द्यावर आहे, एवढंच. उत्तर ऐकून ते समाधानाने मागे टेकले. “अफ़सर के घर की हैं, रोकड़ की चिंता नहीं रहेगी।”

परत येताना दीदी हसत सांगत होत्या, “मुझसे पूछा, शादी क्यों नहीं की। फिर पूछा, माँ बीमार हैं तो छुट्टी कितनी लेंगी।” मीही हसले. काय करणार होते?

पाच दिवसांनी शाळेचा चपराशी नेमणुकीचा कागद घेऊन आला. मी तो हातात धरून कितीतरी वेळ व्हरांड्यात उभी होते. संध्याकाळी यांना म्हटलं, “मी नाही म्हणून सांगते. ही दीदींची जागा आहे.”

हे बूट काढत होते. म्हणाले, “तू नाही म्हटलीस तर ती त्यांनाच मिळेल, असं कुणी सांगितलं? तिसऱ्या कुणाला देतील.”

“मग विचारून बघू का शाळेत?”

“बघ की.”

मी गेले नाही. शाळेतही नाही आणि दीदींकडेही नाही. यांचं म्हणणं बरोबर असेलही, पण ते बरोबर आहे की नाही हे मी तपासलं नाही, कारण मला ते बरोबर असायला हवं होतं. ट्यूशनला येत नाही, ताप आहे, असा निरोप शिंप्याच्या बायकोकडे दिला. डाळिंबवाल्या लेखापालांनंतर माझा दुसरा खोटा ताप.

पुढच्या आठवड्यात दीदी आमच्या क्वार्टरवर आल्या. त्याआधी कधी आल्या नव्हत्या. हातात रेवडीचा पुडा. माझ्या मुलीने दार उघडलं आणि “मम्मी तो ठीक हैं, स्वेटर बुन रही हैं,” असं सांगून टाकलं. मी बाहेर आले. दीदींनी पुडा टेबलावर ठेवला.

“मुबारक हो, भाभीजी।”

मग म्हणाल्या, “आप ख़ुद कह देतीं। मुझे स्कूल के फाटक पर चपरासी से सुनना पड़ा।”

“दीदी, मी सोडते ती नोकरी. आत्ता जाऊन सांगते,” मी मराठीतच बोलून गेले. नंतर भानावर येऊन हिंदीत म्हटलं.

“छोड़ने की बात नहीं है। बताने की बात थी,” त्या म्हणाल्या. चहा घेतला, मुलीला पाढे विचारले आणि गेल्या.

मी नोकरीवर रुजू झाले. काम मला आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या पगारातून दीदींना लखनवी चिकनची साडी नेली. दिवाळीला फराळाचा डबा. कॉलनीतल्या ज्या ज्या मुलाने कॉमर्स घेतलं त्याला त्यांच्याकडे पाठवलं. त्यांच्या आईसाठी यांच्या ओळखीने रेल्वे हॉस्पिटलातले डॉक्टर आणले. भेटले की त्या म्हणतील त्याला हो म्हणायची. एकदा त्या जिऱ्याची पूड घातलेलं ताक माझ्या हातात देत म्हणाल्या, “जब से नौकरी लगी है, आप मुझसे झगड़ती नहीं। मैं कुछ ग़लत भी कह दूँ तो सिर हिला देती हैं। पहले अच्छा लगता था।” मी तिथेही मान हलवली. त्यांनी हात टेकले.

पुढे दोन वर्षांनी त्यांची आई गेली. मी होते तेव्हा तिथे. दीदी रडल्या नाहीत, तख्त गच्चीवर काढून उन्हात टाकलं आणि काही दिवसांनी त्या खोलीत मुलींची शिकवणी सुरू केली. नुसत्या मुली, आणि माझ्यासारख्या दोनचार लग्न झालेल्या बायका.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर यांची पुण्याला बदली झाली. मी राजीनामा दिला तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, तुमच्या जागी कुणी आहे का माहितीतलं? मी एका दमात दीदींचं नाव सांगितलं. त्यांचं कौतुक इतकं केलं की बाई म्हणाल्या, मुलाखतीची गरज नाही, पाठवा. कित्येक वर्षांनी त्या दिवशी मी घरी चालत आले, हलकी होऊन. शाळेने कागद पाठवला. दीदी गेल्या नाहीत.

मी धावत आलमबागला गेले. शिकवणी चालू होती. त्या जिन्याच्या तोंडाशी आल्या.

“नाव तुम्हीच दिलंत ना?” असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी हो म्हटलं.

“मुझसे पूछा?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“इन लड़कियों को किस पर छोड़ूँ? तब ज़रूरत थी, अब नहीं है। आप एक बार पूछ लेतीं, बस।” आवाज चढलेला नव्हता. उलट माझा चेहरा पाहून त्यांनीच मला आत नेलं, मुलींना सरकायला सांगून बसायला जागा केली, चहा ठेवला. पुण्यात घर कुठे मिळालं, मुलीला मराठी शाळा जमेल का, ती तर हिंदीच बोलते, असं सगळं विचारत राहिल्या. निघताना म्हणाल्या, “वहाँ नौकरी ज़रूर कीजिएगा। मैंने सिखाया है।” आणि मनापासून हसल्या. त्या हसण्यात राग शोधूनही मला सापडला नाही, आणि त्याने मला मोकळंही वाटलं नाही.

पुण्यात मला सहा महिन्यांत एका पतपेढीत काम मिळालं आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होते. मुलाखतीच्या दिवशी बाहेर बाकावर आणखी तिघीजणी बसल्या होत्या. त्यांतली एक माझ्याशी बोलू पाहत होती. मी पर्स उघडून काहीतरी शोधत राहिले.