संशय इथे आला

गिरगावातल्या आमच्या वाचनालयात रहस्यकथांसाठी एक वेगळा नियम आहे. फार पूर्वी कोणा महाभागाने एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं आणि त्यावरून दोन सभासदांची चांगलीच जुंपली होती. तेव्हापासून ग्रंथपालबाईंनी ठरवून टाकलं की नाव कोणी लिहायचं नाही. ज्या ओळीपाशी पहिल्यांदा संशय आला, तिथे समासात पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण करायची. शेवटी बाई दोन कोरे कागद चिकटवतात, त्यावर अभिप्राय लिहायचा. खाली सही नाही, फक्त सभासद क्रमांक.

मी शाळेत असल्यापासून तिथली सभासद. माझी पहिली, आणि देवाच्या कृपेने एकमेव, कादंबरी छापून आली तेव्हा पहिली प्रत बाईंनाच नेऊन दिली. त्यांनी लगेच खळ काढून मागे दोन कागद चिकटवले. मला कोण आनंद झाला.

कादंबरीत प्रेम होतं आणि खून होता. फणसवाडीतली मुलगी, घरात सगळे कारकुनी पेशातले, तीन पिढ्या पेन्शनीवर पोसलेल्या. मुलगा लालबागचा, गिरणी कामगाराचा, घरात मालवणी बोलणारा. मुलीच्या काकांचा खून होतो आणि सगळ्यांचं बोट या मुलाकडे जातं. शेवटी कळतं की खुनी म्हणजे घरच्यांनी मुलीसाठी पसंत केलेला गोरागोमटा इंजिनिअर. आता यातली ती मुलगी कोण आणि तो मुलगा कोण, हे आमच्या लग्नाला आलेल्या कोणालाही सांगावं लागलं नसतं. फक्त आमच्या घरात खून झाला नव्हता. आमच्या लग्नाच्या वेळी बाबांनी जे तोंड केलं होतं ते पाहता, तेवढंच बाकी होतं.

अर्पणपत्रिकेत मी लिहिलं होतं, 'ज्याच्यामुळे मला माणसं ओळखता आली, त्याला.' हे पुस्तक मी माझ्या नवऱ्याला लिहिलेलं पत्र समजत होते. मला खरं तर एकाच वाचकाचं मत हवं होतं. पण हस्तलिखित हातात दिलं तर तो म्हणाला, "असं घरचं माणूस म्हणून नको. लोक वाचतील तसा वाचनालयातून आणून वाचेन. नंबर लावेन." आणि खरंच त्याने नंबर लावला. पुस्तक चार महिने हाती लागेना. एका शनिवारी माझगावहून, कामावरून सुटल्यावर तो वाट वाकडी करून गिरगावला गेला आणि ते घेऊन लालबागला घरी आला.

त्याने चपला काढायच्या आत मी मागची पानं उघडली. लेखक लोक स्तुतीला हपापलेले नसतात, असं जे म्हणतात ते लिहीत नसावेत.

'कथानक वेगवान. नायिकेला अक्कल नाही.' 'दोघांचं कशातच जमत नाही, मग प्रेम कशावर?' 'माझी मुलगी असती तर घरात कोंडून ठेवली असती.' 'मालवणी संवाद फार छान. वाचताना भीती वाटली.' 'खुनी तोच असं शेवटपर्यंत वाटत राहतं. लेखिकेचं कौशल्य!' ही शेवटची ओळ मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो नुसता हसला.

सर्वात खाली शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'भाषा शुद्ध. परंतु मुलगा निर्दोष निघतो हे पटत नाही.' त्याखालचा क्रमांक बाबांचा होता. लग्नाला बारा वर्षं झाली होती. या बारा वर्षांत जावयाने त्यांना दोनदा हॉस्पिटलात नेलं होतं, एकदा तर उचलून. मी इतकी संतापले की तडक फोन लावायला निघाले. नवरा म्हणाला, "राहू दे गो. म्हातारो प्रामाणिक तरी आसा."

तो आठवडाभर वाचत होता, रोज थोडं थोडं. कुठवर आलास विचारलं की पानाचा आकडा सांगायचा, एवढंच. मी भाजी चिरताना त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. आपल्याला कोणी इतकं नीट पाहिलंय, हे त्याला कळेल आणि तो काहीतरी बोलेल, अशी माझी आशा होती.

रविवारी दुपारी ओट्याशी उभा राहून तो कोळंबी सोलत होता. आमच्याकडे ते त्याचंच काम, मला अजून जमत नाही. तो म्हणाला, "ते पुस्तक घे आणि त्या खुणा बघ."

खुणा मी पाहिल्याच नव्हत्या. अभिप्रायांवरच भाळले होते. एका पानावर नायक उशिरा घरी येतो आणि आई म्हणते, "खंय होतंस इतको वेळ? आदी हात धुवन ये." त्या ओळीशी सहा खुणा.

"ह्या माझ्या आयेचा वाक्य," तो म्हणाला. "ती तुलापण असंच म्हणायची. मग ताटात बांगडा वाढायची. तो बांगडा कुठेय पुस्तकात?"

सासूबाई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

"पुढे बघ. पहिल्यांदा मुलीच्या घरी जातो तिथे."

तिथे समास खुणांनी भरला होता. नायक दाराशी उभा राहून चहा पितो, बसत नाही, त्याची नजर खोलीभर फिरत असते. हे मी अगदी डोळ्यांसमोर होतं तसं लिहिलं होतं.

"तुझ्या बाबांनी मला बस म्हटलं नव्हतं. कपाच्या बशीला तडा होता, म्हणून मी बशी ठेवायला जागा शोधत होतो. ते का नाही लिहिलंस?"

मी लेखिकेच्या आवाजात म्हटलं, "ते लिहिलं असतं तर रहस्य तिथेच संपलं असतं."

"तेच म्हणतोय," तो म्हणाला. त्याचे हात थांबले नव्हते. "लोकांचं सोड. लोक असंच बघतात, मला सवय आहे. पण कुठे काय दाखवलं की त्यांना मी खुनी वाटेन, हे तुला बरोब्बर माहीत होतं. माझ्याकडे बघून तुला ते सुचलं. तुझ्या पुस्तकात मी निर्दोष आहे, हाच धक्का आहे ना?"

मी बोलायला तोंड उघडलं. आपण वाचकांचे पूर्वग्रहच उघडे पाडले, वगैरे तयार होतं माझ्याकडे, प्रकाशन समारंभात बोलून झालं होतं. पण समोर माणूस कोळंबीचा काळा धागा काढत उभा होता आणि त्याला कसलंही भाषण नको होतं. मग मी बाबांवर संतापले होते ते आठवलं आणि माझीच मला लाज वाटली. त्यांनी निदान क्रमांक खाली घालून लिहिलं होतं. मी तर पैठणीत गुंडाळून तेच दिलं होतं, तेही त्याच्या नावाने.

आम्ही जेवलो. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. पुस्तक त्यानेच नेऊन परत केलं. मागच्या कागदावर काही लिहिलं नाही.

पुढच्या शनिवारी मी वाचनालयात गेले. बाई खोडरबर शोधत होत्या. पुस्तक परत आलं की पान न् पान तपासायची त्यांची सवय आहे. मला म्हणाल्या, "हे बघ. तुझ्या नवऱ्याकडून आलं तेव्हापासून आहे. कथा सुरूसुद्धा झाली नाही आणि याला संशय आला."

अर्पणपत्रिकेच्या ओळीशी, समासात, बारीक बरोबरची खूण होती.

बाईंना खोडरबर सापडला. मी त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि म्हटलं, "खोडू नका. पुस्तकात तेवढी एकच खूण बरोबर जागी आहे."