शकूताईचं राहिलेलं पदक

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साचत जातात. माझ्या कृषी केंद्राच्या काउंटरखाली बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या साचतात ना, तसेच. एखाद्या दिवशी दुसरंच काही शोधायला वाकावं आणि सगळा ढीग अंगावर यावा! आमच्या कारंज्याच्या हौशी नाटक मंडळीचं असंच झालंय, आणि त्यातले निम्मे किस्से एकट्या शकूताईचे आहेत.

शकूताईला आता तुम्ही सगळेच ओळखता. टीव्हीवरची ती डोळे वटारणारी सासू, तीच. पण आमच्याकडं आली तेव्हा ती अंगणवाडी सेविका होती. पोरांची खिचडी आवरली की पिशवी खांद्याला लावून थेट तालमीला यायची. दिवाकर सर आमचे दिग्दर्शक. शाळेत भूगोल शिकवायचे आणि स्टेजवरही आधी खडूनं नकाशा काढून मगच नट उभे करायचे. सलीमभाईंकडं कपडेपट, त्यांचं टेलरिंगचं दुकान हेच आमचं ऑफिस. आणि मी प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत वही धरून बसणारा आणि टाळ्यांच्या वेळी कुणालाच न दिसणारा इसम.

तर ऐका.

*

दरवर्षी आम्ही अकोल्याच्या नाट्यस्पर्धेत उतरतो. तिथं अभिनयासाठी एका बाईला चांदीचं पदक देतात, आणि तिच्या खालोखाल ज्या असतात त्यांना गुणवत्ता प्रमाणपत्र. शकूताईला पहिल्याच वर्षी प्रमाणपत्र मिळालं. आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी पुन्हा प्रमाणपत्र. तिसऱ्या वर्षीही तेच. असं करता करता सातवं प्रमाणपत्र सरांनी तिच्या हातात दिलं.

"सर, आता घराच्या भिंतीले रंग द्याचं काम नाई राह्यलं," ती म्हणाली. "सारी भिंत यायनंच झाकली."

आम्ही पोट धरून हसलो. ती हसली नाही. गाडीत सामान भरताना माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "गजू, मले एकदा ते चांदीचं पाह्यजे रे. बाकी काई नको."

इतकं सरळ मागणारं माणूस मी नाटकात दुसरं पाहिलं नाही. आमच्यात सगळे 'पुरस्कारांचं काय, येतात आणि जातात' असं म्हणतात, आणि निकाल लागला की यादीत पहिलं स्वतःचं नाव शोधतात.

*

अशाच एका स्पर्धेला मुंबईचा एक मालिकावाला बसला होता. महिन्याभरात शकूताई टीव्हीवर! आणि भूमिका कसली, तर सुनेला छळणाऱ्या सासूची.

मालिका जोरात असताना ती मंगरूळपीरला बहिणीकडं गेली होती. बाजारात मेथीची जुडी उचलली, तर भाजीवाल्या मावशीनं ती हातातून परत काढून घेतली.

"काल तिले उपाशी झोपवलं ना तुमी?" मावशी म्हणाली. "पयले त्या सुनेले जेवाले द्या, मंग भाजी न्या."

शकूताई मेथीशिवाय परतली, पण इतकी खूष की विचारू नका. बहिणीच्या घरी जायच्या आधी रस्त्यातूनच तिनं मला फोन लावला.

त्याच वर्षी तिला वाहिनीचा 'सर्वोत्कृष्ट सासू' पुरस्कार मिळाला. वाशीमला मोठा सत्कार झाला. सूत्रसंचालकाला काय हुक्की आली कोण जाणे, त्यानं समोर बसलेल्या तिच्या खऱ्या सूनबाईला स्टेजवर ओढलं आणि माईक तिच्या तोंडापुढं धरला. सूनबाई बिचारी जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका, अगदी मोजकं बोलणारी.

"पुरस्कार भेटला, आनंद आहे," ती म्हणाली. "पण परीक्षकांनी मले काई विचारलं नव्हतं."

सगळ्यात आधी कोण हसलं असेल, तर शकूताई.

*

ती ट्रॉफी म्हणजे हातभर उंचीची सोनेरी बाई होती, दोन्ही हात वर केलेली. शकूताई मुंबईहून रेल्वेनं अकोल्याला उतरली आणि तिथून नेहमीसारखी एसटीत बसली. गर्दी होती. ट्रॉफी मांडीवर मावेना, म्हणून तिनं ती शेजारच्या सीटवर उभी केली आणि पडू नये म्हणून तिच्या कमरेला ओढणी बांधली.

कंडक्टर आला. तिचं तिकीट फाडलं आणि शेजारी बोट दाखवलं. "अन् हिचं?"

"बापू, पुतळा हाय थो."

"पण सीट तं अडवली ना!"

मागची माणसं कंडक्टरला समजावायला लागली. कुणी म्हणालं, बाई टीव्हीत आहेत. कुणी म्हणालं, बक्षीस आहे ते. कंडक्टरनं सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं, ट्रॉफीकडं खालून वर एकदा नीट पाहिलं आणि मशीनवर बटणं दाबली.

"बाईमाणूस हाय," तो म्हणाला. "अर्धं घेतो."

ते तिकीट अजून ट्रॉफीच्या पायाला चिकटवलेलं आहे. खोटं वाटत असेल तर तिच्या घरी जाऊन बघा.

*

पुरस्कारामागून सत्कार आले. कारंजा, मानोरा, मंगरूळपीर, माहेरचं अनसिंग. एकही गाव राहिलं नाही. प्रत्येक ठिकाणी शाल आणि नारळ. नारळाची चटणी होते, पण शालींचं काय करणार? शकूताईनं एक दिवस गठ्ठाच आणून सलीमभाईंच्या मशीनवर टाकला.

सलीमभाईंचे डोळे चमकले. आमचं त्या वर्षीचं नाटक दरबारी होतं. पंधरा दिवसांत राजाचा अंगरखा, प्रधानाचा शेला, राणीचा दुपट्टा, सगळं तयार. पैठणी काठाची एक शाल तर सिंहासनावर चढली!

प्रयोगाला प्रमुख पाहुणे म्हणून आले एक बाजार समितीवाले अण्णा, ज्यांनी स्वतः शकूताईचा सत्कार केला होता. नाटक संपल्यावर ते मेकअपरूममध्ये आले आणि राजाच्या अंगरख्याची कड बोटात धरून उभे राहिले. आम्ही सगळे गार.

"ही शाल मी पाह्यली हाय कुठंतरी," अण्णा म्हणाले.

सलीमभाई जराही डगमगले नाहीत. "आपकीच हाय ना, अण्णा. म्हणून तं राजाले देली. बाकीच्यायच्या प्रधानाले अन् शिपायायले लावल्या."

अण्णांनी पुढच्या वर्षी दोन शाली पाठवल्या.

*

मग सिनेमा आला. तीन सीनची भूमिका, पण त्या तीन सीनमध्ये तिनं थेटर रडवलं. अनसिंगहून तिचा भाऊ दोन गाड्या भरून माणसं घेऊन वाशीमला सिनेमाला गेला. मामाला धोतर बदलायचं होतं, आत्याला चष्मा सापडेना, यात निघायला उशीर झाला. ते आत शिरले तेव्हा शकूताई पडद्यावर नुकतीच मेली होती.

भाऊ तडक मॅनेजरकडं गेला. "आमची बहीण परत लावा."

"अहो, सिनेमा चालू आहे!"

"चालू द्या. बाकीचा आमाले नाईच पाह्यचा."

मॅनेजरनं मध्यंतरात खरंच तो भाग पुन्हा लावला. अनसिंगकरांनी बहिणीला पुन्हा एकदा मरायला लावलं आणि उरलेला सिनेमा न बघता समाधानानं घरी गेले.

याच भूमिकेसाठी तिला सिनेमाचा मोठा पुरस्कार मिळाला. तो सोहळा आम्ही माझ्या दुकानात खताच्या पोत्यांवर बसून पाहिला. तिचं नाव पुकारलं तेव्हा दिवाकर सर, ज्यांना मी तीस वर्षांत कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, ते पोत्यावर उभे राहून ओरडले. मला रडू आलं. ते मी लपवलंही नाही.

रात्री तिचाच फोन आला. मी अभिनंदनाला सुरुवात केली, तर मला तोडत ती म्हणाली, "थे होऊ दे रे. यंदाच्या स्पर्धेचे फारम कधी निघून राह्यले?"

*

तिची ही ओढ पाहून सरांचा जीव कळवळला. तिच्या साठीला त्यांनी गावातल्या सराफाकडून चांदीचं पदक घडवून घेतलं, वर नक्षीत तिचं नाव. आम्ही सगळ्यांनी मोठ्या प्रेमानं दिलं.

शकूताईनं ते तळहातावर घेतलं, उलटंसुलटं पाहिलं.

"सर, परीक्षक कोण होते?"

तिनं पदक डबीत ठेवलं, डबी सरांच्या हातात दिली आणि त्यांना वाकून नमस्कार केला. त्या दिवशी केक कापला गेला, पण खाल्ला कुणी नाही.

*

आणि आता यंदाचं.

सरांनी नवं नाटक लिहिलं, पंच्याऐंशी वर्षांच्या एका सुईणीचं. भूमिका शकूताईचीच, पण तिच्या शूटिंगच्या तारखांचा भरवसा नाही, आणि स्पर्धेच्या फॉर्मवर नटांची नावं आधीच लिहून द्यावी लागतात. सरांनी मन घट्ट करून नाव लिहिलं रोशनी भगत. रोशनी मंगरूळपीरची कॉलेजातली पोरगी, गुणी. शकूताईनं एका शब्दानं तक्रार केली नाही. सुट्टी मिळेल तेव्हा येऊन तिनं रोशनीला म्हातारीचं बसणं, उठणं, कण्हणं, सगळं शिकवलं. प्रयोगाच्या दिवशी तर मेकअप करायला म्हणून अकोल्याला हजर!

रोशनीचा सकाळी पेपर होता. पेपर देऊन ती एसटीत बसली आणि शेलूबाजारच्या पुढं एसटी बंद पडली. तिसऱ्या घंटेला पंधरा मिनिटं उरली होती. सरांनी शकूताईकडं पाहिलं. तिनं स्वतःच्या गालावर सुरकुत्या ओढायला सुरुवात केली.

काय सांगू तुम्हाला! दोन तास मी मांडीवर वही घेऊन बसलो होतो आणि पहिल्या पानानंतर एकही पान उलटलं नाही. पदर कपाळापर्यंत ओढलेली ती म्हातारी शकूताई आहे, हे मीसुद्धा विसरलो. पडदा पडला आणि सलीमभाईंनी मोबाइलवर आधीच रेकॉर्ड केलेली श्रेयनामावली सवयीनं लावली. अख्ख्या सभागृहात आवाज घुमला, "सुईण, रोशनी भगत." तेव्हा आम्हाला आठवलं की नट बदलल्याचं लेखी कळवायचं राहूनच गेलं.

"जाऊ द्या सर," शकूताई पदरानं तोंड पुसत म्हणाली. "कराले तं भेटलं."

महिन्यानं बक्षीस समारंभाला आम्ही सगळे एका रांगेत बसलो होतो. निवेदिकेनं पाकीट उघडलं. "स्त्री अभिनय, रौप्यपदक. सुईणीच्या भूमिकेसाठी, रोशनी भगत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. रोशनी खुर्चीला घट्ट धरून बसली. "ताई, मी तं बसमध्ये होती," ती रडवेली होऊन म्हणाली. सरांनी मान खाली घातली. नाव पुन्हा पुकारलं गेलं. मी शकूताईकडं पाहिलं.

मग ती उठली. पदर खोचला आणि ताठ चालत स्टेजवर गेली. सभागृहात कुजबुज पसरली, कारण तिचा चेहरा तिथल्या प्रत्येकाच्या घरात रोज साडेसातला दिसायचा. पदक देणारे पाहुणे गोंधळले. त्यांनी हातातल्या कागदाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं पाहिलं. माईक चालूच होता.

"रोशनी भगत... आपणच का?"

शकूताईनं मान पुढं केली.

"त्या दिवशी मीच होती."