मनगट आणि क्रिंपर

मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच दिवशी ऑफिसात क्रिंपर हातात घेतला आणि तो अर्ध्यावर अडकला. आमची कंपनी लखनौभर वायरलेसचे अँटेना बसवते. केबलच्या टोकाला कनेक्टर लावणं हे माझं काम. केबल सोलायची, तांब्याची जाळी कनेक्टरवर पसरायची, वरून धातूची बारकी नळी सरकवायची आणि ती क्रिंपरने आवळायची. या पकडीची एक खोड आहे. दाबायला सुरुवात केली की पूर्ण आवळल्याशिवाय जबडा उघडत नाही. मधेच सोडवायची कळ असते, पण ती वापरली की कनेक्टर वाया. मला ती वापरावी लागली आणि नेमकं साहेबांनी पाहिलं.

"मैडम, हाथ को आराम दीजिए. सोमवार को हज़रतगंज वाली छत पर देख लेते हैं. नहीं हुआ तो आप स्टोर संभाल लीजिए."

स्टोअर म्हणजे दिवसभर खोकी लावायची. मला गच्चीवर, खांबाशी उभं राहून काम करायला आवडतं, आणि ते कुणी गोड बोलून काढून घ्यावं याचा भयंकर राग आला. विचारून क्रिंपर पिशवीत टाकला आणि तेलीबागला घरी आणला.

रविवारी सकाळपासून केबलचे टाकाऊ तुकडे घेऊन बसले. दर वेळी तेच. मनगट ठणकायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, राहू दे ना. स्टोअरमध्ये एसी असेल, यार," नवरा म्हणाला. तो बँकेत असतो.

"मग तू जाऊन बस तिथे."

"अच्छा, आण इकडे. ताकद लागते त्याला."

त्याने धडधाकट उजव्या हाताने दाबला. कान लाल झाले, पण पकड अर्ध्यावरून पुढे सरकेना. शेवटी त्याने तो माझ्यापुढे ठेवून दिला. मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा करून दिला.

मग क्रिंपर उजेडात धरला. मी रजेवर असताना त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सांध्यात आणि दात्यांत तांब्याचा चुरा नि जुनं ग्रीस मिळून काळा थर बसला होता. जुन्या टूथब्रशने तो खरवडला, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला, जबडे कोरडे पुसले. पुन्हा दाबला. दुखलं, चांगलंच दुखलं, पण पकड शेवटपर्यंत गेली आणि आपसूक उघडली. संध्याकाळपर्यंत मी तेवढंच करत राहिले.

सोमवारी गच्चीवर साहेब हाताची घडी घालून उभे होते. मी दात आवळून दाबला. कनेक्टर बसला. त्यांनी केबल धरून हिसका दिला, मग आणखी एक जोरात. काही हललं नाही.

"ठीक है," म्हणत त्यांनी क्रिंपरसाठी हात पुढे केला.

"ये अब मेरे पास रहेगा, सर."

त्यांनी हात मागे घेतला. त्या संध्याकाळी घरी येऊन आधी क्रिंपरला तेल दिलं, मग मनगटाला.