साडभाऊंचं ‘समजलं’

‘समजलं’ हा शब्द पांढुर्णा ते सौंसर या अख्ख्या टापूत एकाच माणसाला वापरता येतो, आणि दुर्दैवाने तो माणूस माझा साडू आहे. बाकी आपण सगळे समोरच्याचं तोंड बंद करायला ‘समजलं, समजलं’ म्हणतो. साडभाऊ आधी तासभर स्वतःचं तोंड बंद ठेवतात, मग एकदाच म्हणतात. सौंसरकडे संत्र्याच्या बागेला ताण देतात, म्हणजे बहार यावा म्हणून पाणी तोडतात. ते पुन्हा कधी सोडायचं हे विचारायला लोक साडभाऊंना मोटरसायकलवर बसवून नेतात. हे झाडाखाली उकिडवे बसतात, एक पान चोळतात, बिडी विझेपर्यंत गप्प राहतात आणि म्हणतात, ‘‘समजलं. सोमवारी सोडा.’’ झाडंसुद्धा माना डोलावतात म्हणे! तिगावच्या दोन भावांचं दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून अकरा वर्षं भांडण. हे मधे बसले, दोघांचं ऐकलं, ‘‘समजलं’’ म्हणाले, आणि भाऊ असे रडले की त्या साली धुऱ्यालगतच्या कपाशीला ओलीत करावं लागलं नाही.

मी पांढुर्ण्यात तीस वर्षं मराठी शिकवलं. ‘‘समजलं का?’’ विचारलं की वर्ग ‘‘होऽऽ सर’’ करून छपराची कौलं हलवायचा, आणि पेपरात कोणालाच काही समजलेलं नसायचं. मग जळू नको तर काय करू? बायकोही सुनावते, ‘‘भाऊजींले सांगतलं की हलकं वाटते. तुम्हाले सांगतलं की तुम्ही भाषण देता.’’

पण खरी आग लागली ती यंदा. पोरगी नागपूरची नोकरी सोडून घरी आली. का, ते सांगेना. मी रोज जेवताना नोकरीचं महत्त्व मुद्देसूद समजावलं. आठव्या दिवशी ती बस धरून सौंसरला गेली आणि मावसाजींशी दुपारभर बोलून आली! दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी तिकडे.

‘‘काय म्हणे पोरगी?’’

‘‘तिलेच इचारा ना, साडभाऊ.’’ तेही मला साडभाऊच म्हणतात.

‘‘आठ दिवसांपासून इचारून तर राहिलो!’’

‘‘इचारून कुठी राहिले? तुम्ही शिकवून राहिले.’’

असा राग आला! त्यांच्याच बागेतली सहा संत्री खाल्ली, तरी उतरला नाही.

घरी येऊन पोरीजवळ ओसरीत बसलो. गप्प. जीव जातो की काय असं वाटलं. शेवटी तीच बोलली. तिथे कोणी त्रास देत नव्हतं, पगार वेळेवर होता; फक्त सकाळी उठावंसंच वाटत नव्हतं. तो शब्द माझ्या ओठांवर तयार होता, पण लेकीच्या तोंडाकडे बघून खोटं बोलवेना.

‘‘नाही समजलं, माय,’’ मी म्हटलं. ‘‘पुन्हा एकदा सांगशीन का?’’

ती जवळ सरकली आणि पहिल्यापासून सांगू लागली. साडभाऊंना हे एकाच खेपेत समजलं असणार, ही जळजळ तेव्हाही होतीच. मला तिसऱ्या खेपेला निम्मं समजलं.