सागवानाचा बाक आणि मेस्त्रीची कबुली

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता पुसट झाली, पण येरमाळ्याच्या बाकाचं प्रकरण मनातून जात नाही.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी गावातल्या निवृत्त शिक्षिका अर्ज घेऊन आल्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं. यजमान गेल्यावर बाईंनी रस्त्याकडेच्या आपल्या अंगणात गावातल्या सुतार मेस्त्रींकडून सागवानाचा बाक करवून ठेवला होता. एसटीची वाट बघणाऱ्या बायकांना टेकायला जागा व्हावी, एवढाच हेतू. पण एका पावसाळ्यात बाकाचा पाय कुजला. बाक कलंडला आणि त्यावर बसलेल्या एका म्हातारीचं मनगट मोडलं.

"सागवान म्हणून पांढरं लाकूड दिलंय, साहेब," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलीच्या लग्नातला पलंग याच मेस्त्रींनी केला. आजही तो पलंग कुरकुरत नाही. त्यांनी माझ्याशी असं वागावं?" आवाजात रागापेक्षा दुखावल्याचा सूर जास्त होता.

स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन बाकाचा पंचनामा केला. वरून गडद पॉलिश, आत पांढरट, बोटानं भुगा होईल असं लाकूड. सागाचा गाभा तपकिरी आणि तेलकट असतो, ऊन-पाऊस तोच सोसतो. सालीलगतचा पांढरा भाग कितीही रंगवला तरी उघड्यावर टिकत नाही. हे मला त्याच दिवशी कळलं.

मेस्त्रींना बोलावलं. साठी उलटलेला, पांढऱ्या दाढीचा, शांत माणूस. बायको सोबत आली होती, ती बाहेर व्हरांड्यात बसली.

"लाकूड कुणी निवडलं?"

"म्याच, सायेब. म्याच बघून घेतलं. चूक माझी हाय. काय असंल ती शिक्षा द्या."

कबुली इतकी सहज मिळाली की मला ती पटेना. खोटं करणारा माणूस आधी दोष दुसऱ्यावर ढकलतो, हा माझा अनुभव. हे मेस्त्री मात्र दोष छातीशी धरून बसले होते. त्यांना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी हायवेवर चहाची टपरी चालवणाऱ्या आमच्या खबऱ्यानं हवालदाराला सांगितलं, "शेजारच्या धाब्याची टेबलंबी तशीच कुजली की. कळंबच्या लाकूड डेपोतनं आणली व्हती. तिथं पांढऱ्या फळ्यांना रंग मारत्यात."

चौकशी केली, तर मेस्त्रींचं लाकूडही त्याच डेपोतलं निघालं. मग डेपोवाल्यानं फसवलं, असं ते का म्हणत नव्हते?

मी त्यांना पुन्हा बोलावलं. बायको याही वेळी बाहेर व्हरांड्यात बसली. बसताना त्यांनी खुर्ची हातानं चाचपली, ते मला खटकलं. ते बोलत असताना मी समोरच्या खुर्चीवरून हळूच उठलो आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. मेस्त्री रिकाम्या खुर्चीकडं बघून बोलतच राहिले. जबाब लिहिणाऱ्या हवालदाराचा हात थांबला.

"मेस्त्री, मी इकडं आहे," मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हणालो.

त्यांनी मान आवाजाच्या दिशेनं वळवली. मी त्यांच्या बायकोला आत बोलावलं. काय झालं ते तिला बघताक्षणी कळलं.

"लाकूड आणायला म्याच संगं जायची, सायेब," ती डोळ्याला पदर लावून म्हणाली. "रंग म्या सांगायची, बाकीचं ह्यांच्या हाताला कळायचं. त्या टायमाला लेकीच्या बाळंतपणाला गेलते."

"एकटाच गेलो," मेस्त्री म्हणाले. "हात फिरवला, वासबी घेतला. पर रंगाच्या वासात सागाचा वास कळंना. डेपोवाल्याच्या जबानीवर भरवसा ठिवला."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"नजर गेलेल्या मेस्त्रीला काम कोण देतंय, सायेब?"

त्याच दिवशी डेपोवर छापा घातला. शेडमध्ये रंगवलेल्या फळ्या आणि रंगाचे डबे मिळाले. मालकावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

बाईंना ठाण्यात बोलावून मेस्त्रींसमोर सगळं सांगितलं. त्या उठून मेस्त्रींच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मेस्त्री, मला तरी सांगायचं होतं."

"तुमालाच सांगायची लई लाज वाटली, बाई."

बाई मला म्हणाल्या, "माझा जबाब परत लिहून घ्या, साहेब. यांच्याबद्दल माझी तक्रार नाही." मेस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. बाईच नवरा-बायकोला घेऊन धाराशिवला गेल्या आणि शस्त्रक्रिया करवून आणली.

नवीन बाकाचं लाकूड घ्यायला बाई आणि मेस्त्री मिळून गेले. बाईंनी ते मला नंतर मोठ्या कौतुकानं सांगितलं. फळीचं टोक दाखवत मेस्त्री म्हणाले होते, "हा मधाच्या रंगाचा गाभा. रेघा दाट बघायच्या. कडंला पांढरं दिसलं की न्हाय म्हणायचं. आन् वर रंग नको, बाई. उन्हापावसात रुपेरी पडंल, पडू द्या. पाय तेवढं मातीत नको, दगडावर ठिवू."

काही दिवसांनी मेस्त्री ठाण्यात आले. दारात थांबून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसले.

"आवाजावरनं वाटायचं, लई दांडगा माणूस असंल. तुमी तर माझ्यासारखंच काटकुळं हाव की!"

सगळं ठाणं हसलं. मीही हसलो.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत माझी एक सवय राहिली. समोरचा माणूस काही लपवतोय असं वाटलं की त्याला कशाची भीती वाटते, हे मी आधी विचारायचो. बऱ्याच जणांनी उत्तर देण्याआधी रडून घेतलं. मी रडू दिलं.