आबांचं शवासन

परमेश्वराने माणसाला बसण्यासाठी म्हणून जो भाग दिला आहे, तो माझ्या मामेसासऱ्यांच्या बाबतीत निव्वळ वाया गेला, असं मी सून असूनही जाहीरपणे सांगते. शिरपूरला ते शाळेत व्यायामशिक्षक होते. आता सत्तरी उलटली, तरी त्यांना खुर्चीला टेकलेलं मी पाहिलेलं नाही. पेपर उभ्याने वाचायचा, चहा फेऱ्या मारत प्यायचा. जळगावला आमच्याकडे मेहरूणला आले, की मी पाणी आणेपर्यंत गळका नळ आवळून झालेला असतो. "आबा, जरा बसा की," म्हटलं, तर म्हणतात, "बठीसन काय करू? बठीसन मानूस जड व्हस."

असा माणूस योगाकडे वळला आणि आम्ही तोंडात बोटं घातली. मेहरूणच्या योगवर्गाला मी कितीतरी वर्षं जाते आणि शीर्षासनाला मला अजून भिंत लागते. आबा पाहुणे म्हणून आले आणि पहिल्याच सकाळी पाय वर करून उभे राहिले. नुसते उभे नाहीत, तर उलट्या डोक्याने शेजारच्या बाईंना तुरीच्या डाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं ते सांगत होते. मग त्यांच्या मनाने घेतलं, की शिरपूरच्या वर सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या मुलांना योग शिकवायचा. तिथल्या आश्रमशाळेने शिक्षकाचं प्रमाणपत्र मागितलं, म्हणून त्यांनी माझ्यासोबत आमच्या वर्गाचा शिक्षकांचा अभ्यासक्रम धरला, आणि त्याचा शेवटचा महिना होता बाली बेटावर. "योग आपला, आन् शिकाले समुद्रपार?" असं म्हणत आबा माझ्याबरोबर निघाले, पिशवीत भाकरीसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचा डबा घेऊन.

विमानात पट्टे सोडायची खूण झाली तसे जे उठले, ते उतरायची वेळ होईपर्यंत कुणाचं तरी रडकं बाळ खांद्यावर घेऊन येरझारा घालत होते. बालीला आम्ही उतरलो त्या योगाश्रमामागे केळी होत्या. वाकलेले घड पाहून त्यांना राहवेना, त्यांनी बांबू शोधून एकेका केळीला टेकू दिला. स्वयंपाकघरात शिरून वांग्याचं भरीत शिकवलं. स्वयंपाकिणीला यांची भाषा येत नव्हती, यांना तिची येत नव्हती, तरी भरीत अगदी आपल्याकडच्यासारखं तिखटजाळ झालं. आमच्या गुरुबाई तिथल्याच, लहानखुऱ्या, हळू बोलणाऱ्या. आबांचं मयूरासन पाहून त्यांनी वर्ग थांबवला आणि हात जोडले. आपण केवढ्या माणसाच्या घरात सून होऊन आलो, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटच्या आठवड्यात मात्र घोडं अडलं, आणि तेही शवासनात. घंटा होईपर्यंत डोळे मिटून निश्चल पडून राहायचं, एवढंच. आम्ही बाकीचे तिथे घोरायला लागायचो. आबांचा मात्र एक डोळा उघडा, मान दाराकडे, आणि थोड्याच वेळात ते उठून पायरीवरच्या चपला जोडीने लावत असायचे. गुरुबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ज्याला विसावता येत नाही, तो मुलांना विसावायला कसं शिकवणार? शेवटच्या सकाळी हे जमलं नाही, तर मला प्रमाणपत्र देता येणार नाही." मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "जित्ता मानूस मरेलगत कसाले पडी ऱ्हाई?" मी हसले, पण ते हसले नाहीत.

आदल्या दुपारी सगळी मंडळी खरेदीला गेली. आबा केळीला दोर बांधत होते आणि मी दुसरं टोक धरून उभी होते. मामी, म्हणजे आबांच्या पत्नी, शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांचं सगळं आबांनीच केलं, हे आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते आबांनी दोराकडे बघत सांगितलं. "तुनी मामीना आवाज बारीक व्हयेल व्हता. मी आडा पडनू, डोया लागना, आन् तिनी हाक माले ऐकू उनी नही ते? म्हनीसन मी आडा पडूच नही. आते ती नही शे. पन कान मानतस नही." मग त्यांनी गाठ पक्की केली आणि पुढच्या केळीकडे गेले. मला रडू आलं, आणि दोर धरलेला असल्याने डोळेही पुसता येईनात.

शेवटच्या सकाळी आबांनी परीक्षेचा वर्ग घेतला, अर्धा हिंदीत, अर्धा अहिराणीत, आणि आमच्याबरोबर शिकणारी परदेशी गोरी मंडळी निमूट वाकली. मग शवासन आलं. मी माझ्या चटईवर आडवी होणार, तोच आबांनी हळूच बोलावलं. कुणाकडे कधी पाण्याचा पेला न मागितलेला हा माणूस मला म्हणाला, "सूनबाई, तू बठ आठे. कोनी हाक मारी, ते तू ऊठजो."

मी गुरुबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान डोलावली. "हो आबा, मी आहे," म्हणत मी त्यांच्या उशाशी बसले. त्यांनी डोळे मिटले. बोटं थोडा वेळ हलत राहिली, मग सैल पडली. घंटा झाली, सगळे उठले, पण आबांचा श्वास संथ, गाढ चालला होता. गुरुबाईंनी त्यांच्या प्रमाणपत्रावर सही केली आणि सगळ्यांना हातानेच बाहेर जायची खूण केली. हाक येणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. तरी मी दाराकडे कान देऊन बसून राहिले, चुकून आलीच तर मला ऐकू यायला हवी म्हणून.