निळा दिवा आणि वैभवची टाच

सौंसरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या नलिनीताईंचा चढलेला आवाज बावीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता. मुलगा वैभव आठ वर्षांचा असताना त्याला स्नायू झिजण्याचा आजार निघाला, तेव्हाही नाही. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे रोज दोनदा त्याची टाच तळहातावर घ्यायची आणि पाऊल हळूहळू वर ताणायचं, हा त्यांचा नेम झाला. म्हणून तर सोळाव्या वर्षीही वैभव, भिंत धरून का होईना, चालत होता.

यंदा बोर्डाचे पेपर तपासायला त्यांना तीन आठवडे छिंदवाड्याला राहावं लागलं. पाय ताणायचं काम मोठे दीर भगवंतरावांनी अंगावर घेतलं. परत येऊन पाहतात तर वैभवच्या पलंगाशी निळा दिवा लुकलुकत होता आणि पाऊल खाली वळून ताठ झालं होतं. टाच जमिनीला टेकेना.

"हे काय करून राहिले, भाऊजी?"

"अवं, आपल्या मृणालनंच तं सांगतलं!"

मृणाल नलिनीताईंची थोरली मुलगी. नागपूरला प्रयोगशाळेत काम करते. दिवाळीत पांढुर्ण्याला समाजानं तिचा सत्कार केला, शाल-नारळ दिलं आणि "दोनच मिनिटं, सोपं बोल" म्हणून माइक हाती दिला. ती बोलली: बशीत वाढवलेल्या स्नायूपेशी कच्च्या असतात, निळ्या प्रकाशाची उघडझाप केली की आकसतात, रोज केली की पक्क्या होतात. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत भगवंतराव होते. हिरवी संत्री बंद खोलीत ठेवून त्यांना रंग आणण्यात हयात गेलेला माणूस. त्यांना लगेच पटलं.

"संत्र्याले बाहेरून रंग येते, भाऊजी. आतून गोडी येते का?" नलिनीताई कडाडल्या. "त्या पेशींत आधी शेवाळाचा जीन घालतात, म्हणून त्यांना उजेड समजते! माह्या पोराच्या पायाले काय समजते?"

"मले का मालूम शेवाळ? तिनं नाही सांगतलं."

"मग इचारायचं होतं! बल्बाचं दुकान सापडलं, माहा नंबर नाही सापडला?"

वैभव हळूच म्हणाला, "आई, मोठेबाबांना नको बोलू. मीच म्हटलं, पाय ताणू नका, दिवाच लावा. त्यानं दुखत नाही."

आठ वर्षांत त्यानं एकदाही दुखतं म्हणून सांगितलं नव्हतं. नलिनीताईंनी दिव्याचा प्लग उपटला, खाली बसल्या आणि टाच तळहातावर घेतली.

"ओरड पाहिजे तेवढा. पण पाय ओढू नको. भाऊजी, गुडघा धरा."

भगवंतरावांनी गुडघा धरला. पाऊल तसूभर वर गेलं आणि वैभव किंचाळला. भगवंतरावांनी तोंड फिरवलं.

"इकडे पाहा," नलिनीताई म्हणाल्या. "संध्याकाळी तुम्हीच करायचं आहे."